माहीत सगळ्यांनाच असतं, मग नाटक कशाला?

चौकात पाच-सहा जण गोल धरून उभे राहतात. डफावर थाप पडते, लोक जमतात. व्यसनाचा राक्षस येतो, नाहीतर कचऱ्याचा, नाहीतर अंधश्रद्धेचा. दहा मिनिटांत त्याचा पराभव होतो आणि शेवटी सगळे एका सुरात घोषणा देतात. टाळ्या होतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते : 'पथनाट्यातून जनजागृती'.

ही बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे की तिच्यावर नजर ठरत नाही. पण थांबून विचारायला हवं, की यात जागं कोण झालं? दारू वाईट हे त्या गर्दीत कुणाला नवीन होतं? पिणाऱ्याला तरी होतं का? नाटकानं समाजात काही हलतं असं मनापासून मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं तर हा प्रश्न मुळीच टाळू नये. माझं उत्तर असं : राक्षस मारणाऱ्या त्या नाटकानं फारसं काही होत नाही. ज्या नाटकानं होतं, त्याची घडणच निराळी असते. ती घडण समजून घेऊ, आणि ती कुठे फसते तेही बघू.

## समुदायाचं म्हणजे कुणाचं?

'पथनाट्य' हे नाव जागेवरून पडलं. नाट्यगृहाबाहेर, रस्त्यात, चौकात, कारखान्याच्या फाटकाशी होतं ते पथनाट्य. 'समुदायाचं नाटक' हे नाव मालकीवरून आलं. ज्यांचा प्रश्न, त्यांचीच गोष्ट. बसवणारे ते, भूमिका करणारे ते, आणि बघणारेही बहुतेक त्यांचेच शेजारी.

क्षयरोगाचं उदाहरण घेऊ, ते पुढेही सोबत राहील. एखादं कलापथक गावात आलं आणि 'खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर तपासून घ्या' असं सांगणारं नाटक करून गेलं, तर ते उपयोगाचं काम आहे. पण ते समुदायाचं नाटक नव्हे. क्षयातून बरे झालेले किंवा अजून गोळ्या घेणारे लोक एकत्र बसले, 'आपल्याला सगळ्यात जास्त काय लागलं?' हे त्यांनी एकमेकांना सांगितलं आणि त्यातून प्रवेश बसवले, तर ते समुदायाचं नाटक. या दुसऱ्या नाटकात जंतूंची माहिती कदाचित येणारही नाही. घरात वेगळा काढून ठेवलेला पेला मात्र नक्की येईल.

नाटकातून डोळे उघडायची कल्पना नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. गरीब शेतकरी जोडप्याला जोशी कसा नागवतो, ही त्यातली गोष्ट. ती चालू असताना विदूषक मध्येच येतो आणि समोर घडतंय त्यावर बोलतो. शेवटी नवरा-बायको दोघंही शिकायचं ठरवतात. हा विदूषक लक्षात ठेवा, त्याचा एक दूरचा नातेवाईक पुढे भेटणार आहे. विसाव्या शतकात अशा प्रयत्नांना जगभर वेगवेगळी रूपं मिळाली. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं १९६५ मध्ये शाळाशाळांत जाणारा गट उभा केला. बोत्स्वानात १९७४ पासून गावचे प्रश्न नाटक, गाणी आणि बाहुल्यांतून मांडून लगेच त्यावर चर्चा घ्यायची मोहीम चालली. १९७५ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात प्लेबॅक थिएटर सुरू झालं. त्यात प्रेक्षक आपली आठवण सांगतो आणि नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात.

## माणसं गप्प का बसतात?

'जनजागृती' या शब्दात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे. लोक झोपलेत, त्यांना माहिती नाही, ती दिली की ते उठतील. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी अशा शिकवण्याला बँकेची उपमा दिली होती. शिकवणारा रक्कम भरतो, शिकणारा म्हणजे रिकामं खातं.

बऱ्याचशा सामाजिक प्रश्नांत माहितीचा दुष्काळ नसतोच. अडतं दुसरीकडे. शाळेतला एक प्रसंग आठवा. गणित फळ्यावर सोडवून झालं की सर विचारतात, "समजलं?" सगळा वर्ग मान डोलावतो. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना समजलेलं दिसतंय, आपलंच डोकं चालत नाही. मग एखादी मुलगी धीर करून म्हणते, "सर, नाही समजलं." लगेच आणखी दहा हात वर होतात. त्या मुलीनं वर्गाला नवी माहिती काहीच दिली नाही. प्रत्येकाच्या पोटात आधीपासून होतं तेच तिनं उघड्यावर आणलं, आणि इतरांचीही तीच गत आहे हे सगळ्यांना कळलं.

याला अभ्यासक 'सामायिक ज्ञान' म्हणतात. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. यातला तिसरा तुकडा सगळ्यात मोलाचा, आणि पोस्टरमधून नेमका तोच मिळत नाही. पोस्टर माणूस एकटा वाचतो. शेजारच्या घरातून रात्री मारहाणीचा आवाज येतो तेव्हा चारही घरं जागी असतात. चारही घरांना वाटतं, कुणी काही करत नाही म्हणजे इथे हे चालतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्यावरून आपलं गप्प बसणं ठरवतो.

आता तीच चार घरं एका नाटकाभोवती गोल बसली आहेत अशी कल्पना करा. समोर एक बाई मार खातेय. बघणाऱ्याला समोरचं दृश्य दिसतं, आणि त्या दृश्यापलीकडे गोलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या शेजाऱ्याचा चेहराही दिसतो. त्याचे दात-ओठ आवळलेले दिसतात. 'यालाही हे पटत नाही तर!' हे त्या क्षणी कळतं. गोल बसण्याला एवढं महत्त्व आहे ते यासाठी. अंधाऱ्या नाट्यगृहात सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, तिथे हे साधत नाही.

याला बळ देणारा एक अभ्यास रवांडातला आहे. तो नाटकाचा नाही, रेडिओ मालिकेचा, पण आपल्या कामाचा आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर तिथे समेटाचा विचार मांडणारी एक मालिका काढण्यात आली. मानसशास्त्रज्ञ बेट्सी लेव्ही पालक यांनी काही गटांना वर्षभर ती मालिका ऐकवली आणि काही गटांना आरोग्यावरची दुसरीच मालिका. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. समेटाची मालिका ऐकणाऱ्यांची मनातली मतं फारशी बदलली नव्हती. पण 'आपल्यात काय शोभतं, लोक कशाला बरोबर म्हणतात' याबद्दलचा त्यांचा अंदाज बदलला होता, आणि त्याबरोबर वागणंही. भेट मिळालेला रेडिओ-टेपरेकॉर्डर कसा वापरायचा यावर हे गट आपसांत जास्त बोलले आणि वाटून घ्यायची भाषा करू लागले, तर दुसऱ्या गटांचा कल तो पुढाऱ्याच्या हाती सोपवण्याकडे होता. मत बदलेपर्यंत वाट बघावी लागत नाही, हे मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं. इतरांबद्दलचा अंदाज बदलला तरी पाय हलतात.

## ब्राझीलच्या दोन गोष्टी

या प्रकारच्या नाटकाचा विचार सगळ्यात खोलवर कुणी केला असेल तर तो ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी (१९३१–२००९). त्यांनीही सुरुवात राक्षस मारण्यापासूनच केली होती.

साठच्या दशकात ते आपल्या नटमंडळींसह ईशान्य ब्राझीलमध्ये शेतकऱ्यांपुढे नाटक करत होते. नाटकाच्या शेवटी नट हातात बंदुका उंचावून गायचे, की आपल्या जमिनीसाठी रक्त सांडलं पाहिजे. एकदा प्रयोग संपल्यावर एक शेतकरी भारावून पुढे आला. जमीनदाराच्या माणसांनी आमच्यातल्या एकाची जमीन बळकावली आहे, चला, बंदुका घेऊन आमच्यासोबत या, म्हणाला. मंडळी ओशाळली. बंदुका खोट्या आहेत, नाटकातल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. हरकत नाही, आमच्याकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या खऱ्या आहेत, असं उत्तर आलं. नटांनी तरीही नकार दिला. तेव्हा त्या शेतकऱ्याला उमजलं, की हे कलावंत ज्या रक्ताबद्दल गातात ते आमचं रक्त आहे, त्यांचं नाही. बोआल यांनी ही लाज पुढे आयुष्यभर जपली. जी जोखीम आपण घेणार नाही, ती दुसऱ्याला घ्यायला सांगायची नाही, हा धडा त्यांनी त्यातून घेतला.

१९७१ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीनं त्यांना पकडलं, छळ केला, आणि मग देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूतल्या साक्षरता मोहिमेत ते काम करत होते. तोवर त्यांची पद्धत एक पाऊल पुढे गेली होती. प्रसंग अडचणीच्या टोकाला आणून थांबवायचा, पुढे काय करावं हे प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी ते करून दाखवायचं. एका बाईनं स्वतःची कहाणी दिली. नवरा घर बांधायच्या नावाखाली तिच्याकडून पैसे घ्यायचा आणि पावत्या म्हणून हातानं लिहिलेले कागद सांभाळायला द्यायचा. तिला वाचता येत नव्हतं. एकदा शेजारणीकडून वाचून घेतले, तर ती दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं निघाली. नवरा परत येतोय. आता तिनं काय करावं?

प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोलावं आणि मग माफ करावं. नटीनं बोलून दाखवलं. नाही, असं नव्हे, स्पष्ट! पुन्हा केलं, आणखी जोरात केलं. तरी तिचं समाधान होईना. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच या आणि करून दाखवा. ती आली, झाडूचा दांडा उचलला आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला बडव बडव बडवलं. मग त्याला माफ केलं आणि जेवण आणायला पाठवलं. तिच्या शब्दकोशात 'स्पष्ट बोलणं' याचा अर्थ तो होता, आणि तो दुसऱ्या कुणालाही करून दाखवता आला नसता. बोआल सांगतात, त्या दिवशी त्यांना कळलं की सूचना ऐकून भागत नाही, प्रेक्षकानं स्वतः उठून आत यायला हवं.

## नाटक थांबवायचं म्हणजे काय करायचं?

यातून जो प्रकार आकाराला आला त्याला 'फोरम थिएटर' म्हणतात. आपल्या क्षयरोगाच्या गोष्टीवर तो चालवून बघू.

गटातल्या लोकांनी आपापल्या आठवणी सांगितल्या. त्यांतली कुणा एकाची जशीच्या तशी उचलायची नाही, चार-पाच जणांच्या मिळून एक कल्पित गोष्ट करायची. नायकाला सदा म्हणू. पहिला प्रवेश दवाखान्यातला. डॉक्टर सांगतात, सहा महिने गोळ्या न चुकता घे, पूर्ण बरा होशील. दुसरा प्रवेश घरातला. आई काही बोलत नाही, फक्त त्याचा पेला आणि ताटली उचलून वेगळ्या फळीवर ठेवते. बायको बघते, गप्प राहते. तिसरा प्रवेश कामावरचा. दवाखान्याबाहेर कुणीतरी सदाला पाहिलंय. मुकादम म्हणतो, "काही दिवस येऊ नकोस, बाकीचे घाबरतात." चौथ्यात सदाला थोडं बरं वाटू लागलंय. पुन्हा कुणी बघायला नको म्हणून तो दवाखान्यात जाणं सोडतो. शेवटच्या प्रवेशात रात्री तो खोकतोय आणि बायको दारात उभी आहे. संपलं. उत्तर नाही, घोषणा नाही.

मग पुढे येतो सूत्रधार. बोआल यांनी त्याला पत्त्यातला 'जोकर' म्हटलं, कारण तो कुठल्याही एका बाजूचं पान नसतो. फुल्यांच्या विदूषकाचा नातेवाईक तो हाच. फरक एवढा, की विदूषकाला उत्तर ठाऊक असतं आणि या सूत्रधारानं ते ठाऊक असल्याचं दाखवायचं नसतं. तो विचारतो, "असं होतं का इथे?" लोक म्हणतात, होतं. "सदानं कुठे वेगळं वागायला हवं होतं? आम्ही पुन्हा करतो. तुम्हाला वाटेल तिथे 'थांबा' म्हणा आणि त्याच्या जागी या."

पहिला बहुधा एखादा तरुण उठतो. मुकादमाच्या अंगावर जातो, कायद्याची भाषा करतो. मुकादमाचं काम करणाऱ्यानं इथे ढिलं पडायचं नसतं. खरा मुकादम जे करेल तेच त्यानं करायचं. "बरं, आज नको म्हणतोस ना, मग उद्याही नको. हिशेब घे." तरुण अडकतो. गर्दीला त्याचा राग पटलेला असतो, पण नुसता राग पुरत नाही हेही दिसलेलं असतं. मग एखादी बाई उठते. तिला सदा व्हायचं नसतं, सदाची बायको व्हायचं असतं. सासूला ती म्हणते, "पेला वेगळा ठेवायचा तर ठेवा, पण गोळी रोज तुमच्या हातानं द्या त्यांना." सासूचं काम करणारी क्षणभर गोंधळते, कारण या वाक्याला विरोध कसा करायचा ते सुचत नाही. मग कुणीतरी म्हातारं माणूस उठतं आणि मुकादमाकडे न जाता आधी सोबतच्या तीन कामगारांना गोळा करतं. त्यांतला एक हळूच सांगतो, माझ्या भावालाही झाला होता.

याच ओघात माहितीही येते, आणि ती रुजते. उपचार नीट सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांकडून संसर्ग होणं थांबतं आणि क्षय भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे गर्दीतली आरोग्यसेविका त्या पेल्याच्या प्रवेशात सांगते. तेव्हा ते ऐकणाऱ्याला हवं असतं. मागितलेलं उत्तर आणि माथी मारलेलं उत्तर यांत हाच फरक.

एक नियम मात्र कडक पाळायचा. कुणी आलं आणि म्हणालं, सदाला लॉटरी लागली, किंवा मुकादम अचानक चांगला झाला, तर सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो, "हे होऊ शकतं?" लोक म्हणतात, "ही जादू झाली." जादू चालत नाही. पोहायला शिकताना उथळ पाण्यात हातपाय मारतात तसं हे आहे. पाणी खरं असलं पाहिजे, नाहीतर खोलात गेल्यावर उपयोग काय? बोआल या सगळ्याला तालीम म्हणत. तोंडातून कधीच न निघालेलं वाक्य इथे एकदा निघून गेलेलं असतं.

## "नाटक संपलं की लोक विसरतात"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि एकदाच होणाऱ्या प्रयोगाच्या बाबतीत तो खराही आहे. तालीम एकदा करून कुठलंही नाटक उभं राहत नाही.

पश्चिम बंगालमधल्या सुंदरबन भागात १९८५ मध्ये संजय गांगुली आणि त्यांच्या सोबत्यांनी 'जन संस्कृती' सुरू केली. भारतात फोरम थिएटर रुजवलं ते त्यांनी. त्यांच्या कामाचं बळ चिकाटीत आहे. नाटक करणारे शेतकरी आणि मजूर त्याच भागातले असतात. प्रयोग एकाच गावात पुन्हा पुन्हा होतात, आणि उठून आत येणाऱ्या प्रेक्षकांच्या समित्या बनतात. घरातली हिंसा, दारूचे अड्डे हे विषय त्यांनी अनेक वर्षं लावून धरले. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं या कामाचा अभ्यास केला. प्रयोग होत आलेली गावं आणि तशीच, पण प्रयोग न झालेली गावं घेऊन हजारो कुटुंबांची तुलना केली. प्रयोग झालेल्या गावांत बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाण कमी आढळली. अशा तुलनेला मर्यादा असतात, दोन गावं कधीच तंतोतंत सारखी नसतात. पण 'नाटकानं काही होत नाही' असं ठामपणे म्हणणाऱ्यानं हा अभ्यास बाजूला सारू नये.

## "हा प्रचारच की!"

कित्येकदा असतो. निधी देणारी संस्था विषय ठरवते, संदेश ठरवते, किती प्रयोग आणि किती प्रेक्षक तेही ठरवते. मग गटाकडे उरतं काय, तर पाठ करणं. अशा नाटकाचं खरं नुकसान वेळ वाया जाण्याहून मोठं आहे. ते दोष चुकीच्या माणसावर ढकलतं. नळाला पाणीच येत नाही तिथे हात धुण्याचं नाटक केलं, की 'तुम्ही आजारी पडता ते तुमच्या अडाणीपणामुळे' असा त्याचा अर्थ होतो. पाणी का येत नाही, हा प्रश्न त्या रिंगणात शिरूच शकत नाही, कारण तो विचारला तर निधी देणाऱ्यालाही अडचण होते.

नाटक प्रचार आहे की समुदायाचं, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. प्रेक्षक उठून 'तुमचा प्रश्नच चुकीचा आहे' असं म्हणाला तर नाटक त्याला जागा देतं का? सदाच्या प्रयोगात कुणी म्हणालं, "आम्हाला सगळं कळतं हो, पण दवाखाना दुपारी बारालाच बंद होतो, कामावरून जायचं कधी?" तर सूत्रधारानं विषयाला धरून बोला म्हणायचं नाही. पुढचा प्रयोग दवाखान्याच्या वेळेवर करायचा.

## "आम्हाला नटता येत नाही"

नटायचंच नसतं. बाजार कसा केला, साहेब कसे ओरडले, हे सांगताना आपण सगळेच आवाज बदलतो, हातवारे करतो. तेवढ्यानं भागतं. सुरुवातीला बोलायचीही गरज नसते. गटातल्या एकानं इतरांना उभं-बसतं करून त्यांच्या देहांचा पुतळा रचायचा : 'माझं घर असं आहे.' दुसऱ्यानं तो हलवून 'असं हवं' ते दाखवायचं. न शिकलेल्या आणि पुष्कळ शिकलेल्या माणसाला इथे एकाच पायरीवरून सुरुवात करावी लागते. पुष्कळ शिकलेल्याला जरा जास्त वेळ लागतो, कारण त्याला आधी बोलायचं असतं.

## "जखमा उघड्या पडल्या तर?"

या प्रश्नाकडे कामाच्या उत्साहात दुर्लक्ष होतं, आणि ते होऊ नये असं मला तळमळीनं वाटतं. रिंगणात नवऱ्याच्या भूमिकेपुढे ताठ बोललेली बाई रात्री खऱ्या नवऱ्याच्या घरी परत जाते. नटमंडळी तोवर निघून गेलेली असतात. त्या ब्राझिली शेतकऱ्याचा धडा इथेच लागू पडतो.

म्हणून गोष्ट कल्पित ठेवायची. ज्यानं आठवण दिली त्याला ती केव्हाही परत घेता आली पाहिजे. अत्याचार सोसलेल्या माणसाला त्याच अत्याचाराची भूमिका देऊ नये. मुलांच्या बाबतीत दुप्पट जपायचं. आणि प्रयोगाआधी गटानं शोधून ठेवायचं, की आज कुणी येऊन 'हे माझ्या घरी घडतंय' म्हणालं तर तिला कुठे न्यायचं, कोण सोबत जाईल. याचं उत्तर नसेल तर प्रयोग पुढे ढकलावा. टाळ्या थांबायच्या आधी मदतीची वाट तयार असायला हवी.

## ज्याला भीती वाटते, त्याला ताकद कळलेली असते

या नाटकानं काहीच होत नसतं, तर ते बंद पाडायचा खटाटोप कुणी केला नसता. केनियात लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात १९७७ मध्ये शेतकरी, कामगार आणि बेकार तरुणांनी न्गूगी वा थिओंगो आणि न्गूगी वा मिरिई या लेखकांबरोबर आपल्याच गिकुयू भाषेत नाटक बसवलं. उघड्यावरचं नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. विषय होता जमीन आणि मजुरी. काही आठवड्यांतच सरकारनं परवाना काढून घेतला. वर्षअखेरीला न्गूगी वा थिओंगो यांना अटक झाली आणि खटला न चालवता जवळपास वर्षभर डांबून ठेवलं. १९८२ मध्ये ते नाट्यगृहही जमीनदोस्त केलं गेलं. त्याआधी न्गूगी वर्षानुवर्षं इंग्रजीत तिखट लिहीत आले होते आणि तोवर कुणी त्यांना तुरुंगात घातलं नव्हतं. गावानं गावाच्या भाषेत करून बघितलं, तेव्हा सत्तेला ते सहन झालं नाही.

आपल्याकडे १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर या कामगारवस्तीत जन नाट्य मंचाचा पथनाट्याचा प्रयोग चालू असताना हल्ला झाला. एक कामगार मारला गेला. मंचाच्या संस्थापकांपैकी एक असलेले नाटककार सफदर हाश्मी जबर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गेले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलयश्री आणि सगळे सहकारी त्याच जागी परत आले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं.

## रिंगणातून कायद्यापर्यंत

शेवटी एक प्रश्न उरतो. माणसांनी तालीम केली, धीर आला, पण नियमच आडवा आला तर? सदा कितीही धीट झाला तरी दवाखान्याची वेळ तो एकटा बदलू शकत नाही.

बोआल १९८६ मध्ये ब्राझीलला परतले. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओ दि जानेरोच्या नगरसभेचे सदस्य होते. त्यांनी आपलं कार्यालय नाटकाला जुंपलं. झोपडपट्ट्यांत, कामगार संघटनांत, वृद्धांच्या आणि अंधांच्या गटांत प्रयोग व्हायचे. प्रेक्षक आत येऊन काय काय करून बघतात याची नोंद व्हायची. मग वकील त्या नोंदी वाचून बघायचे, की ही अडचण माणसांच्या वागण्यातली आहे की नियमातली. नियमातली असेल तर तिचा मसुदा बनून सभागृहात जायचा. याला त्यांनी 'विधिमंडळ रंगभूमी' असं नाव दिलं. त्या चार वर्षांत तेरा कायदे असे झाले. वृद्धांच्या गटाच्या कामातून पालिकेच्या रुग्णालयांत वार्धक्याच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर हवेत असा कायदा आला.

आणि अंधांनी मांडलेली अडचण तर डोळसांच्या ध्यानीमनीही नव्हती. रिओच्या रस्त्यांवर खांबाला लटकवलेले सार्वजनिक टेलिफोन होते, मोठ्या टोपीसारख्या कवचाचे. जमिनीवरून पुढे सरकणारी पांढरी काठी त्या कवचाखालून मोकळी निघून जायची. पुढे रस्ता मोकळा आहे असं ती सांगायची, आणि पुढच्याच पावलाला कपाळ कवचावर आदळायचं. कायदा झाला तो साधा : अशा प्रत्येक टेलिफोनच्या खाली जमिनीवर काँक्रीटचा उंचवटा करायचा, म्हणजे डोकं पोचायच्या आधी काठी पोचेल.